डेस्कटॉपवरच्या चपला

"आलं," मी म्हणाले.

भिरूडने खुर्ची वळवली. "कुठंय?"

"गेलं."

"काय होतं?"

"आयकॉन. कोपऱ्यात, कचऱ्याच्या डब्याच्या शेजारी. फिकट होतं."

"फिकट म्हंजे?"

"म्हणजे असून नसल्यासारखं."

"मॅडम, दुपारी थोडं पडत जा," भिरूड म्हणाला आणि केळीच्या भावांच्या तक्त्याकडे परत वळला.

दैनिक तापीतीर, भुसावळ. डिसेंबर महिना. भिरूड संगणकावर पानं लावायचा. मी उपसंपादक. शहराचं पान आणि रविवारची महिला पुरवणी माझ्याकडे होती. दुपारी जेवणानंतर कचेरीत कामाची गडबड नसायची. अशा वेळी मी उघड्या डेस्कटॉपकडे नुसती बघत बसले होते आणि तो आयकॉन उगवला आणि मावळला.

एरवी मी सोडून दिलं असतं. पण त्या डेस्कटॉपवर एक फाईल होती.

*

ती फाईल अशी सुरू झाली.

नितीनभाऊंनी मला जिन्यात गाठलं. नितीनभाऊ म्हणजे आमचे व्यवस्थापक, आणि तापीतीर ज्यांनी काढला त्या अप्पा नेहेत्यांचे चिरंजीव.

"अप्पांचं काही खरं नाही," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, उन्हाळा बघितला तर बघितला. तुम्ही लिहून ठेवा."

"काय?"

"काय म्हणजे? आपण सगळ्यांचं ठेवतो ते."

मोठ्या माणसांचे मृत्युलेख आधीच तयार ठेवायची पद्धत सगळ्याच पेपरांत असते. माझ्याकडे एका माजी आमदारांचा होता. ते निवडणुकीला उभे राहायचे, पडायचे, आणि मी एक ओळ वाढवायचे. पण अप्पा रोज दुपारी कचेरीत यायचे. आपल्या केबिनमध्ये बसायचे. आमच्यापासून दहा-पंधरा पावलांवर.

"त्यांना कळलं तर?" मी विचारलं.

"तर तुमची नोकरी मी वाचवू शकणार नाही. माझी पण नाही." ते थोडं हसले, मग थांबले. "शेवटची ओळ लिहून घ्या. पश्चात पत्नी, मुलगा, सून, नातवंडं. एवढंच. बाकी तुम्हाला माहीतच आहे."

मी फाईलला नाव दिलं 'उन्हाळी पेयं'. पुरवणीच्या मजकुरात ती कुणाच्या डोळ्यांवर येणार नव्हती.

मसुदा, शेवटची ओळ:

*त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, सून व नातवंडे असा परिवार आहे.*

*

इथे एक चौकट. पानावर जागा उरली की टाकतात तशी नव्हे. ही लागणार आहे.

तापीतीरमध्ये रुजू झाले तेव्हा अप्पांनी मला एकच गोष्ट शिकवली. बातमी चुकली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येतो. निधनवार्तेतली पश्चातची ओळ चुकली तर नाव राहिलेला माणूस कचेरीच्या दारात येऊन उभा राहतो, आणि त्याला काय खुलासा द्यायचा? म्हणून ती ओळ छापण्याआधी घरी फोन करून वाचून दाखवायची. आणि घरातल्या बाईला वाचून दाखवायची. पुरुष नावं विसरतात.

हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण पाळला जायचा. चौकट संपली.

*

आयकॉनबद्दल प्रत्यक्षदर्शी काय म्हणतात:

कीर्ती, जाहिरात विभाग. "शंभरदा धुतलेल्या साडीवरचं फूल असतं ना मॅडम, तसं दिसलं मला. खाली काहीतरी लिहिलं होतं. वाचेपर्यंत गेलं."

बाबूलाल, शिपाई. "पाल गेली असेल स्क्रीनवरून."

भिरूड, अजूनही न पाहता. "व्हायरस. शंभर टक्के."

नितीनभाऊ. "चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

मी. पुढच्या वेळी मला खालची अक्षरं दिसली. नावाची सुरुवात कुणीतरी खाल्ली होती, शेपूट शिल्लक होतं: *...ळी पेयं.*

म्हणजे आयकॉन माझ्याच फाईलचा होता. तिच्या सावलीसारखा. मी ताबडतोब मूळ फाईलवर दोनदा टिचकी मारली. फाईल उघडण्याआधी एक इंग्रजी सूचना आली. तिचा अर्थ असा, की ही फाईल सध्या दुसऱ्या कुणीतरी उघडलेली आहे.

कुणी, ते नावही होतं. प्रशांत इंगळे.

"प्रशांत?" भिरूड उठून माझ्यामागे येऊन उभा राहिला. "आपला कॉम्प्युटरवाला प्रशांत? तो तर पुण्याला गेला. केव्हाच गेला."

"तेच तर."

"पुण्याहून वाचतोय तो? उन्हाळी पेयं?" भिरूड वाकून बघायला लागला. "काय आहे हो एवढं त्या पेयांमध्ये?"

"कोकम," मी म्हणाले, आणि सूचना बंद केली.

*

"प्रशांत, तू आमच्या फायली बघतोस का रे?"

"कोण बोलतंय?"

"बऱ्हाटे. तापीतीरमधून."

"मॅडम! थांबा, गाडीवर आहे, बाजूला घेतो. हां, बोला. पगार वेळेवर होतो का आता?"

मी सगळं सांगितलं. फाईलमध्ये काय आहे ते सोडून. तो हसायला लागला.

"मॅडम, ते माझं नाव आहे, मी नाही. एकाच सीडीवरून तुमच्या सगळ्या मशीनवर वर्ड टाकलं होतं मी. टाकताना तो विचारतो, तुमचं नाव काय. मी माझं टाकत गेलो. कंटाळा येतो हो. तुमच्या कचेरीत सगळेच प्रशांत इंगळे आहेत. तुम्ही पण."

"मग हा कुठला प्रशांत इंगळे?"

"ते इथून कसं सांगू? कचेरीतलाच कुणीतरी. भिरूडभाऊंना बातम्या उचलता याव्यात म्हणून तुमचा डेस्कटॉप मीच सगळ्यांना उघडा करून दिला होता."

"आणि ते फिकट काय येतं?"

"ते येतंच. सगळीकडे येतं, फक्त दिसत नाही. तुमच्या मशीनला तो फोल्डर गायब करणारा व्हायरस झाला होता, आठवतं? तेव्हा मी लपलेलं सगळं दाखव, असं करून ठेवलं होतं. परत बंद करायचं राहिलं."

"पण आहे काय ते, प्रशांत?"

मागे एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. तो विचार करत असावा.

"असं बघा. खोलीत कुणी गेलं की दाराबाहेर चपला दिसतात. माणूस आत आहे तोवर चपला आहेत. तो बाहेर पडला की चपला घालून जातो. तुमची फाईल म्हणजे खोली."

"आणि चपला कुणाच्या, हे ओळखता येणार नाही."

"नाही ना. सगळ्यांच्या माझ्याच आहेत."

*

त्यानंतर चपला दिसल्या तेव्हा मी उठले आणि कचेरीत एक फेरी मारली.

भिरूड वधू-वरांच्या जाहिराती चिकटवत होता. कीर्ती फोनवर होती आणि तिचा संगणक बंद होता. बातमीदार बाहेर. नितीनभाऊ जळगावला गेलेले. उरली केबिन.

केबिनमधल्या संगणकाचा विचार मी केला नव्हता, कारण कुणीच केला नसता. नितीनभाऊंनी तो हौसेने बसवला होता आणि अप्पांना त्याला हात लावताना कुणी पाहिलं नव्हतं. दसऱ्याला कीर्तीने त्याला झेंडूची माळ घातली होती. ती वाळून अजून तिथेच लोंबत होती.

मी पुरवणीच्या पानाची प्रत घेतली आणि दार ढकललं.

अप्पा संगणकासमोर बसले होते. पडद्यावर पत्त्यांचा डाव होता. वाटलेले पत्ते वाटलेल्या जागी, एकही हललेला नव्हता.

"या, बऱ्हाटेबाई. बसा."

"पुरवणीचं पान आहे अप्पा. संक्रांतीचं."

त्यांनी पान घेतलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पानावरची नजर न काढता म्हणाले, "उन्हाळी पेयं कधी घेताय?"

मी बसले नव्हते, ते बरं झालं की वाईट, मला ठरवता आलं नाही.

"अजून वेळ आहे, अप्पा."

"हो. थंडी आहे अजून." ते पेनाचं टोपण शोधू लागले. "डिसेंबरात फाईल दिसली, तेव्हाच म्हटलं, हे काय? पण लिहून ठेवलेलं बरं. ऐन वेळी केलेलं पाणचट होतं."

"हो."

"तुमचं पाणचट नाही. साखर फार झालीय."

"कुठे?"

"मधे. चव घेऊन बघा परत." टोपण सापडलं. त्यांनी ते पेनाला लावलं आणि पेन खिशात ठेवलं. पानावर एकही खूण केली नव्हती. "आणि शेवट? शेवट कुणाला विचारून लिहिलात?"

"नितीनभाऊंना."

"पुरुषाला," अप्पा म्हणाले आणि पान मला परत दिलं.

मी जागेवर आले तेव्हा डेस्कटॉप स्वच्छ होता.

*

मी पुन्हा चव घेतली. मधला परिच्छेद असा होता:

*वडिलोपार्जित जमिनीत मुलीलाही मुलाइतकाच वाटा मिळाला पाहिजे, अशी भूमिका घेऊन अप्पांनी लिहिलेली लेखमाला त्या काळी गाजली. त्यासाठी त्यांनी समाजाचा रोष पत्करला. खानदेशातील अनेक लेकींच्या पाठीशी ते भावासारखे उभे राहिले.*

यातली साखर मला दिसेना. खरं म्हणजे हाच परिच्छेद मला सर्वांत चांगला वाटत होता.

"भिरूड, अप्पांच्या घरी कोण कोण आहे?"

"काकू. नितीनभाऊ, वहिनी, पोरं."

"आणखी?"

भिरूडने आधी केबिनच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. म्हणून विचारतेय."

त्याने खुर्ची ओढून जवळ आणली. "बहीण आहे ना. लीलाआक्का. झोप्यांकडे दिलीय, सावद्याला असते. माझं आजोळ सावद्याचं, मामाची आणि तिची भिंतीला भिंत."

"मग येत नाही कधी?"

"कशी येईल? अप्पांचे वडील वारले, तेव्हा हे हक्कसोडीचा कागद घेऊन गेले तिच्याकडे."

हक्कसोड म्हणजे बहिणीने वडिलांच्या जमिनीवरचा आपला वाटा भावासाठी सोडल्याची सही. आमच्याकडे बहिणी ती सही करतात. बहुतेक जणी कागद वाचतही नाहीत. माझ्या आईने केली होती. मीही केलेली आहे.

"मग?"

"आक्कांनी चहा ठेवला. कागद वाचला. म्हणाल्या, दादा, तुझ्याच पेपरात वाचलंय मी, मुलीचा वाटा असतो म्हणून. मी सही नाही करणार." भिरूडने हाताने कप बाजूला सारल्यासारखं केलं. "अप्पा चहा तसाच ठेवून उठले. मामी सांगते, त्या कपावर साय धरली तरी आक्कांनी उचलला नव्हता. तेव्हापासून भाऊबीज बंद."

"आणि वाटा? तो घेतला तिने?"

"नाही ना. मागितलाच नाही कधी. फक्त सही नाही केली."

तो पुन्हा वधू-वरांकडे गेला. मी फाईल उघडली.

मसुदा, शेवटची ओळ:

*त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, सून, नातवंडे व बहीण लीलाबाई झोपे असा परिवार आहे.*

फाईल जपून ठेवली, बंद केली आणि डेस्कटॉप उघडा टाकून बसले. नितीनभाऊंनी पाहिलं असतं तर माझं काय झालं असतं, ते मला माहीत होतं. अप्पांनी पाहिलं तर काय होईल, ते माहीत नव्हतं.

दुपारी चपला दिसल्या.

या वेळी त्या लगेच गेल्या नाहीत. भिरूड चहा पिऊन आला. कीर्ती एका दुकानदाराशी जाहिरातीच्या आकारावरून भांडली आणि जिंकली. बाबूलालने पंख्याची पाती पुसली. फिकट आयकॉन कोपऱ्यात तसाच. केबिनमधून आवाज नाही.

मग तो गेला.

मी फाईल उघडली. आधी शेवट पाहिला. बहीण होती. लीलाबाई झोपे, अक्षर न अक्षर, मी लिहिलं तसंच.

मधला परिच्छेद नव्हता. लेखमाला नव्हती, समाजाचा रोष नव्हता, खानदेशातील लेकी नव्हत्या. वरचा आणि खालचा परिच्छेद नीट जोडून घेतलेला होता. मधे रिकामी ओळसुद्धा ठेवली नव्हती. वाचणाऱ्याला कळलंही नसतं की तिथे काही होतं.

आम्ही यावर कधी बोललो नाही. चपला पुढे अधूनमधून दिसत राहिल्या, मग क्वचित. फेब्रुवारीत अप्पांचं कचेरीत येणं थांबलं आणि त्याही थांबल्या.

*

अप्पा मार्चअखेरीस गेले. सकाळी. अंत्यविधी दुपारी झाला. संध्याकाळी नितीनभाऊ आंघोळ करून तसेच कचेरीत आले. केस ओले होते. मी छापून ठेवलेला कागद त्यांनी उभ्या उभ्याच वाचला.

"बहीण कुठून आली?"

त्यांचं बोट कागदावर वर सरकलं.

"आणि लेखमाला कुठंय? त्यांचं सगळ्यात मोठं काम ते. लिहिलं होतं ना तुम्ही? मी वाचलं होतं."

"अप्पांनी काढलं."

"कुणी?"

"अप्पांनी. फाईल ते वाचत होते, नितीनभाऊ. बहीण मी घातली. ती त्यांनी राहू दिली."

भिरूडचा हात माऊसवर थांबला. नितीनभाऊ माझ्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे, थकलेला माणूस बघतो तसे.

"अप्पांना संगणक चालू करता येत नव्हता."

"फाईल कुणी बदलली ते बघता येतं," भिरूड मधेच म्हणाला. "शेवटी कुणी जपून ठेवली, ते लिहिलेलं असतं." आणि मी नको म्हणायच्या आत त्याने माझ्या संगणकावर ती माहिती उघडली.

नितीनभाऊंनी वाकून मोठ्याने वाचलं. "प्रशांत इंगळे."

"ते सगळ्या मशीनवर तसंच येतं," मी म्हणाले. "म्हणजे प्रशांतने सीडी..."

"मॅडम. आज नको."

त्यांनी लाल पेन घेतलं, बहिणीवर काट मारली, आणि समासात लिहिलं: लेखमाला घेणे. कागद भिरूडपुढे ठेवला. "असंच जाईल."

भिरूड माझ्याकडे बघायला लागला.

"पश्चातची ओळ घरी वाचून दाखवायची आहे," मी म्हणाले.

"मी घरचाच आहे."

"घरातल्या बाईला विचारतात."

नितीनभाऊंनी केबिनकडे पाहिलं. दार उघडंच होतं, आणि आत त्या संगणकावर दसऱ्याची माळ. मग त्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. "लावा."

फोन काकूंनीच घेतला. मागे बायकांचा आवाज होता. भिरूडने हात लांबवून स्पीकर सुरू केला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"काकू, बऱ्हाटे बोलतेय. ओळ वाचायची होती."

"वाचा."

मी नितीनभाऊंनी दुरुस्त केलेली ओळ वाचली. जशीच्या तशी. पत्नी, मुलगा, सून, नातवंडे.

"परत वाचा," काकू म्हणाल्या.

मी परत वाचली.

"बहीण राहिली."

नितीनभाऊ खुर्चीत बसले.

"नाव काय लिहू, काकू?"

"थांबा, त्यांनाच विचारा. इथंच बसल्यात परवापासून." फोन हातातून हातात गेला. बांगड्या वाजल्या.

"कोण?" हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"तापीतीरमधून बोलतेय."

"हां. येतो तुमचा पेपर माझ्याकडे. पहिल्यापासून येतो."

"तुमचं नाव छापायचंय, आक्का. कसं लिहू?"

"वडिलांचं लावता का नवऱ्याचं?"

"तुम्ही सांगाल तसं."

"मग दोन्ही लावा," त्या म्हणाल्या.

मी लिहून घेतलं. फोन ठेवला. नितीनभाऊ टेबलावर बोट फिरवत होते, जणू तिथे धूळ आहे. पश्चातच्या ओळीवर ते काही बोलले नाहीत. बोलता आलं नसतं. तो नियम त्यांच्या वडिलांचा होता, आणि स्पीकर चालू होता.

"लेखमालेचं काय करायचं?" भिरूडने विचारलं.

"जागा आहे का?" नितीनभाऊ म्हणाले.

भिरूडने पानाकडे पाहिलं. "नाही."

जागा होती. डाव्या बाजूला, फोटोखाली, चांगली चार बोटं. मला दिसत होती. नितीनभाऊंनाही दिसत असावी.

छापलं ते:

*त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, सून, नातवंडे व बहीण लीला नेहेते-झोपे असा परिवार आहे.*

*

तेरावं झाल्यावर नितीनभाऊ केबिनमध्ये बसू लागले. वाळलेली माळ त्यांनी काढली नाही, कीर्तीलाही काढू दिली नाही.

एप्रिलच्या एका दुपारी मी पुरवणीचं काम काढून बसले होते. कोपऱ्यात, कचऱ्याच्या डब्याच्या शेजारी, फिकट आयकॉन आला. खाली सुरुवात खाल्लेलं नाव.

"मॅडम," भिरूड माझ्या खुर्चीमागून हळूच म्हणाला. इतक्या महिन्यांत त्याने तो पहिल्यांदा पाहिला. "आलं बघा."

"हो."

"बघा ना कोण आहे."

फाईलवर टिचकी मारली असती तर संगणकाने लगेच नाव सांगितलं असतं. प्रशांत इंगळे. मी मारली नाही. आयकॉन बराच वेळ होता. केबिनमधून आवाज नव्हता.

मी नवी फाईल घेतली. आता खरोखरच उन्हाळी पेयं लिहायची होती. नाव मात्र दुसरं द्यावं लागलं.